निजवलेला इस्तू

“फुंकू नकोस. आदी राख बाजूला सार. फुंकलंस तर राख तुज्याच डोळ्यांत जाईल, आन् इस्तू हाय तितंच ऱ्हाईल.”

माझ्या वहीतलं हे पहिलं वाक्य. वही दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, आणि त्या पहिल्या पानावर पिठाच्या बोटाचा ठसा आहे, तो अजून गेलेला नाही. वाक्य धुरपामावशीचं. श्रावणातला गुरुवार होता. मी तिच्या चुलीपाशी पाटावर बसले होते आणि चांगुलपणाच्या भरात फुंकणी उचलली होती. ती तिनं माझ्या हातातून काढून घेतली, चिमट्यानं राख हळूच सारली. आत लाल डोळा उघडावा तसा निखारा दिसला.

“रातीचा हाय त्यो,” ती म्हणाली. “निजला हुता.”

मी तेव्हा महाविद्यालयाच्या मराठी विभागात टंकलेखिका होते. विभागप्रमुख डॉ. अच्युत सोनटक्के अग्नीवर ग्रंथ लिहीत होते. वाङ्मयात अग्नीच्या प्रतिमा कशा येतात आणि रोजच्या बोलण्यात कशा येतात, हा त्यांचा विषय. वाङ्मयातला अग्नी त्यांना ग्रंथालयात खुर्चीवर बसल्या बसल्या सापडला. बोलण्यातला अग्नी मात्र चुलीपाशी होता, आणि तिथे सरांना कोण बसू देणार? म्हणून त्यांनी मला पाठवलं.

“बायका तुमच्यापाशी मोकळं बोलतील, शशीताई. तुम्ही ऐकता छान. बोलत तर नाहीच.”

मला ते कौतुक वाटलं. माझा आवाज लहानपणापासून बारीक. घरी म्हणत, ही देवाशी बोलते तेवढ्याच आवाजात माणसांशी बोलते. त्यात सोमवारी माझं मौन. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत एक शब्द नाही. कचेरीत त्या दिवशी माझ्या टेबलावर शाळेतली पाटी असे. काही सांगायचं झालं तर पाटीवर. तोवर कुणी त्याला नाव ठेवलं नव्हतं.

धुरपामावशी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. मागच्या अंगाला पत्र्याची शेड, दोन मोठ्या चुली, ऐंशी मुलींच्या दोन वेळच्या भाकऱ्या. साठीची असेल. हाताची कातडी कोपरापर्यंत तांबूस, केस राखेच्या रंगाचे, आणि बोलणं असं की मुली जेवायच्या निमित्तानं ऐकायला यायच्या. लाकूड ओलं निघालं की सुरू: “जळलं मेलं तुजं लक्षण! पानी पिऊन आलाय व्हय रं?” लाकडाला.

पहिल्या दिवशी तिनं मला गरम भाकरी पुढे केली.

“आज गुरुवार आहे, मावशी. मी खात नाही.”

“बरं. सोमवारी खा.”

“सोमवारी पण नाही. सोमवारी तर मी बोलतही नाही.”

“एकादशीला?”

मी मान हलवली.

“संकष्टीला?”

मी हसले.

“अगं मग जेवतीस कवा?” तिनं भाकरी परतली. “देव पन म्हनत आसंल, ही बाई येतीया, काय तरी मागंल, तर ही निस्ती उपाशी बसतीया समोर.”

पावसाळाभर मी जात राहिले. मी विचारायची, ती सांगायची. हात मात्र थांबायचे नाहीत. वही भरत गेली. विस्तवाचीच नावं किती: इंगळ, आर, कोलीत, फुफाटा. लाकूड जळताना फुरफुरलं तर ‘इस्तू हसला’, म्हणजे पाहुणा येणार. भूक लागली तर ‘पोटात आग पडली’, पण लेकराच्या भुकेला आग म्हणायचं नाही, ‘लेकराच्या पोटात दिवा लागलाय’ म्हणायचं. शिव्या तर चार पानं. “तुज्या तोंडात आर पडू दे” इथपासून पुढे. मी त्या खाली मान घालून लिहिल्या. तिला त्याची भारी गंमत.

एकदा तिनं मला हिशेबानं समजावलं. “हे बघ. गंजीला आग लावत्यात. मान्साला अग्नी देत्यात. चूल पेटवत्यात. दिवा लावत्यात. आन् इस्तू उठवत्यात. हाय ते एकच, पर हाक येगळी. चुकीची हाक मारली तर त्यो घर खातो.”

“आणि विझवण्याला काय म्हणायचं?”

तिनं थापायचं थांबवलं. “आमच्यात विजवत न्हाईत. रातच्याला निखारं गोळा करायचं, वर मऊ राख पसरायची. निजवायचा. राख म्हंजी त्याची वाकळ.”

“म्हणजे राखेखाली दाबायचा?”

“दाबला तर मरतो की!” ती जवळजवळ ओरडली. “दाबायचा न्हाई. निजवायचा. लिव्ह नीट.”

मी ‘निजवायचा’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग तिनं बायजाची गोष्ट सांगितली. बायजा तिची आई. गावात एका दांडग्या माणसानं कुणाचं तरी शेत बळकावलं, त्यात बायजानं कचेरीत जाऊन खरं ते सांगितलं. झालं, आळीनं तिला विस्तव बंद केला. त्या दिवसांत काडेपेटी घरोघर नव्हती. सकाळी शेजारणीकडे खापरी घेऊन जायचं, दोन निखारे आणायचे, चूल चालू. बायजा खापरी घेऊन गेली की दारं बंद. आपण सहज म्हणतो ना, अमक्या-तमक्यात विस्तव जात नाही. धुरपामावशीच्या घरी तो खरोखरच जात नव्हता.

“मग आईनं इस्तू मरूच दिला न्हाई. सात वर्सं. त्योच इस्तू. पावसात घर गळायचं तर चुलीवर सूप धरून बसायची. माज्या धाकट्या भावाला निजवायची आदी, आन् मग इस्तवाला. दोगांना येकच गानं.” तिनं ते गाणं म्हणून दाखवलं नाही. “हे समदं बोलनं तिचं हाय. माजं कायबी न्हाई.”

वही संपत आली तसा तिनं सौदा केला.

“हे पुस्तकात जानार नव्हं? मग माजं नाव लिव्हायचं.”

“लिहू की. धुरपाबाई...”

“बाई न्हाई. आन् नवऱ्याचं नाव लावायचं न्हाई, त्यानं मला काय शिकिवलं? रेशनकार्डावर मास्तरानं द्रौपदी लिव्हलंय. म्हनला, हेच शुद्ध. म्या कुटं द्रौपदी? तू लिव्ह, धुरपा बायजाची. आई कुटंच लिव्हलेली न्हाई. सातबाऱ्यावर न्हाई, दगडावर न्हाई. तिला कुटं तरी पांढऱ्यावर काळं करून ठेव.”

“ठेवते.”

“शपत घे.”

“मी शपथ घेत नाही, मावशी. मी एकदा बोलले की तो नेम होतो. मग मोडता येत नाही.”

“मग नेम घे. शपतीपेक्षा बरा.” तिनं माझा हात धरून चुलीच्या वर, धग लागेल इतका, धरला. “म्हन.”

मी म्हटलं. हात मागे घेतला तेव्हा तळवा लाल झाला होता.

*

पावणेदोन वर्षांनी पुस्तकाची मुद्रितं आली. सोमवार होता.

मजकूर मीच टंकला होता. ऋणनिर्देशात सरांच्या गुरुजींपासून विद्यापीठाच्या कुलसचिवांपर्यंत एकवीस नावं होती आणि शेवटचं बाविसावं मी घातलं होतं: ‘अग्नीविषयक बोलीचं सारं भांडार जिनं खुलं केलं ती धुरपा बायजाची.’ सरांनी ते वाचून मान डोलावली होती. आता मुद्रितावर त्या ओळीवर तांबड्या शाईची आडवी रेघ होती.

मी पानं उलटली. ‘इस्तू’ जिथे जिथे होता तिथे ‘विस्तव’ झाला होता. बायजाची सात वर्षं अख्खी गेली होती, समासात लिहिलं होतं, ‘किस्सा. अनावश्यक.’ आणि पान एकशे चौदावर: ‘राखेखाली दडपलेला विस्तव ही ग्रामीण स्त्रीच्या दबलेल्या संतापाची प्रतिमा होय.’

मी पाटी घेतली आणि लिहिलं: नाव?

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “हां, ते. अहो, ‘बायजाची’ म्हणजे काय? ना आडनाव, ना पत्ता. उद्या कुणी विचारलं, ही संशोधनाची साधनं कोण, तर काय सांगू? वसतिगृहातली भाकरीवाली? परीक्षक हसतील.”

मी लिहिलं: तुम्ही हो म्हणालात.

“मान डोलावली असेन. माणूस वाचताना मान डोलावतोच.” ते हसले. “‘ग्रामीण स्त्रियांशी झालेल्या संवादातून’ असं लिहिलंय की. त्यात ती आली.”

मी पाटी पुसली. लिहायला घेतलं. निजवणे म्हणजे दडपणे नव्हे, असं मोठं वाक्य होतं, पाटीवर मावेना. सरांनी घड्याळ पाहिलं.

“आज तुमचं मौन, नाही का? बरंच झालं. नाही तर आज तुम्ही भांडला असतात.”

दुसऱ्या दिवशी पोथीचा अध्याय वाचताना मी तीनदा ओळ चुकले. कचेरीत पोचल्या पोचल्या त्यांच्या खोलीत गेले. उभ्यानंच.

“सर, ती ओळ परत घाला. मी शब्द दिलाय.”

“छापखान्यात गेलं, शशीताई. कालच.”

“तार करा. मी करते.”

“एका ओळीसाठी?” मग त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊपणा मला अजून आठवतो. “हे बघा, तुम्ही व्रतस्थ बाई. तुम्हाला नावाचा मोह नाही, मग तिला कशाला चिकटवता? आणि तिला वाचता कुठे येतं? तुम्ही तिला नुसतं पुस्तक नेऊन दाखवा, म्हणावं, आहे तुझं नाव. म्हातारी खूश.”

तळपायाची आग मस्तकात जाणं मी शेकडो वेळा टंकलं होतं. माझ्या वहीत ते नोंदलेलंही होतं, क्रमांक सत्तावन्न. ते खरोखर पायातून निघतं, हे मला त्या दिवशी कळलं. गुडघ्यांत क्षणभर थांबतं, पोटात येतं आणि मग कानाच्या पाळ्या जळतात.

बाहेर येऊन सरांचं एक पत्र टंकलं. इतकं जोरात की प्रत्येक पूर्णविरामाला कागदाला भोक पडलं. ते पत्र सरांनी उजेडाकडे धरलं, भोकांतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मशिनची दुरुस्ती करायला हवी.”

*

प्रकाशन समारंभ ठेवला तोही सोमवारी, दुपारी चारला, महाविद्यालयाच्या सभागृहात. धुरपामावशीला कुणीतरी वसतिगृहातल्या मुलीनं सांगितलं. माझी सांगायची छाती झाली नव्हती. ती आली. हिरवं लुगडं, नाकात नथ नव्हे पण नवी मोरणी, हातात पेढ्यांचा पुडा. माझ्या शेजारी शेवटून तिसऱ्या रांगेत बसली. पुडा माझ्या मांडीवर ठेवला.

“नाव वाचलं की वाटायचं,” ती म्हणाली. “आदी न्हाई.”

व्यासपीठावर समई होती. पाहुण्यांनी मेणबत्तीनं ती लावली. सरांनी ती मेणबत्ती घेतली आणि फूं करून विझवली.

“तोंडानं फुकली बघ,” धुरपामावशी माझ्या कानाशी कुजबुजली. “आन् म्हनं इस्तवाचं पुस्तक!”

सर बोलायला उभे राहिले. ते बोलतात सुंदर. खेड्यापाड्यांतल्या चुलींपुढे कसे बसले, धुरानं डोळे कसे चुरचुरले, भाकरी थापणाऱ्या माउल्यांनी आपलं मन कसं उघडं केलं. समोरच्या रांगेत एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी माझ्या मांडीवरच्या पुड्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते.

“हा कवा बसला हुता गं चुलीफुडं?” धुरपामावशीनं विचारलं. राग नव्हता, खरोखर आठवत होती.

मग शिव्या आल्या. सरांनी एकेक वाचून दाखवली, तिच्या बोलीचा हेल काढून. सभागृह खदखदून हसलं. “तुज्या तोंडात आर पडू दे” ला तर पुढच्या प्राध्यापकांनी टाळी दिली एकमेकांना. धुरपामावशीही हसली, तोंडाला पदर लावून. “माज्या हायत्या,” ती शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली. त्यानं खुर्ची जराशी सरकवली.

“आणि राखेखाली दडपलेला विस्तव...” सर म्हणाले. आवाज खाली आणला. “मित्रहो, हा त्या मुक्या स्त्रीचा दडपलेला संताप आहे. ती तो बोलू शकत नाही. तिच्या वतीनं आपण बोलायचं.”

टाळ्या. आभार सुरू झाले. गुरुजी, कुलसचिव, एकेक करून एकवीस नावं. धुरपामावशी प्रत्येक नावाला पुढे झुकत होती. एकविसाव्यानंतर सर थांबले, पाणी प्यायले.

“माजं नाव कवा येतंय, बाय?” तिनं विचारलं.

पाटी माझ्या पिशवीत होती. काढून काय करणार? तिला वाचता येत नव्हतं. एकोणीस वर्षांचे सोमवार माझ्या घशात होते. वडील वारले त्या सोमवारीही मी बोलले नव्हते.

“येणार नाही,” मी म्हटलं. “काढलं त्यांनी.”

ती दचकली ती त्या बातमीनं नव्हे. “अगं! सोमवार हाय आज! तुजं मौन!”

“मोडलं.”

आणि मी उभी राहिले. का ते आता मला विचारू नका. बसून राहणं शक्य नव्हतं एवढंच. मांडीवरचा पुडा खाली पडला. “हे शब्द धुरपा बायजाचीचे आहेत,” मी म्हटलं. “ती इथे बसली आहे. आणि विस्तव दडपलेला नाही, निजवलेला आहे.”

माझा बारीक आवाज. सभागृहात पंखे घरघरत होते. दोन रांगांपुढचे लोक मागे वळले. व्यासपीठावरून सरांनी मला उभं पाहिलं आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग ते ध्वनिक्षेपकाजवळ आले.

“या आमच्या शशीताई! या ग्रंथाच्या टंकलेखिका. अत्यंत श्रद्धाळू. एकोणीस वर्षं दर सोमवारी कडक मौन पाळतात. त्यामुळे आज त्या बोलणार नाहीत, पण त्या उभ्या राहिल्या, हाच माझ्या ग्रंथाला त्यांचा मूक आशीर्वाद! एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या.”

लोक टाळ्या वाजवू लागले. मी बोलत होते. दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हणत होते, तोंड हलत होतं, घशाच्या शिरा ताणल्या होत्या, आणि माझ्या मौनाला पडणाऱ्या टाळ्यांत माझंच बोलणं बुडत होतं. समोरच्या बाई माझ्याकडे पाहून हात जोडत होत्या. मला त्या क्षणी ती समई उचलून पडद्यावर फेकावी असं वाटलं. देवापुढे खोटं बोलत नाही मी, तसंच वाटलं.

धुरपामावशीनं माझा पदर ओढला. “बस. आईकलं म्या.”

मग तिनं वाकून पेढ्यांचा पुडा उचलला आणि आम्ही दोघी मागच्या दारानं बाहेर पडलो.

*

आम्ही थेट शेडमध्ये आलो. संध्याकाळच्या भाकऱ्यांची वेळ झाली होती. तिनं लुगड्याचा सोगा खोचला, राख सारली, काटक्या घातल्या. निखारा उठला.

“जूनपासून गॅस येनार हाय हितं,” ती चुलीकडे बघत म्हणाली. “वार्डनबाई सांगून गेल्या. चुली पाडायच्या. मला म्हनल्या, मावशी, आता आराम करा.” तिनं काटक्या मोडल्या, गरजेपेक्षा जास्त. “म्या म्हनलं, जाऊ दे. चूल गेली तरी पुस्तकात हाय. आईचं नाव हाय.”

“मी उभी राहिले होते, मावशी.”

“राहिलीस की. बोललीस. पर बोल्लेलं काय गं, धुरावानी. आता हाय, मग न्हाई. म्या तुला लिवायला सांगितलं हुतं.” आणि मग ती तोंड फिरवून जे बोलली ते सरांना होतं, त्यांच्या चष्म्याला होतं, त्यांच्या एकवीस नावांना होतं. माझ्या वहीतल्या शिव्यांच्या चार पानांत त्यातलं एकही नव्हतं. ते तिनं तोवर कुणासाठी राखून ठेवलं होतं कोण जाणे. मी वही काढली नाही. नुसतं ऐकलं. प्रत्येक शब्दाला मला बरं वाटत होतं.

बोलून झाल्यावर ती दमून बसली. मी पिशवीतून पुस्तक काढलं. सरांनी सही करून दिलं होतं, ‘सौजन्यशील शशीताईंस’. पान एकशे चौदा उघडलं, चुलीच्या उजेडाला धरलं. लेखणीनं ‘दडपलेला’ खोडलं. वर लिहिलं, ‘निजवलेला’. आणि समासात, छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत: ‘हे शब्द धुरपा बायजाचीचे.’

“हे काय?” तिनं विचारलं.

“तुमचं नाव. हे धुरपा. हे बायजा.”

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोट काजळीचं. ‘बायजा’ जरा फरफटली आणि शेजारी काळा ठसा उठला.

“पुसलं का?”

“नाही. आता तर पक्कं झालं.”

तिनं बोट पदराला पुसलं. मग तिनं नेमका प्रश्न विचारला, जो तिच्याशिवाय कुणी विचारला नसता. “आन् बाकीच्या पुस्तकांत?”

पुण्याच्या प्रकाशकानं प्रती आधीच रवाना केल्या होत्या. त्यांचे पत्ते मीच टंकले होते, आपल्या भागातल्या बासष्ट वाचनालयांचे. कार्बन प्रत माझ्या खणात होती.

“बासष्ट गावं आहेत,” मी म्हटलं.

“समद्या?”

“सगळ्या. जाऊन.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या. “बासष्ट गावं हिंडनार. आन् मग जेवशील कवा?”

तिनं पुडा सोडला, पेढा माझ्या हातावर ठेवला. दिवा लागला होता. मी खाल्ला.

*

मंगळवारी मी सरांच्या खोलीत अर्ज घेऊन गेले.

“काल छान झालं हं,” ते म्हणाले. माझ्या नजरेला त्यांनी नजर दिली नाही. “काय आहे?”

“दर सोमवारी रजा हवी. बिनपगारी. सव्वा वर्ष.”

“मौन आहेच की सोमवारी. आणखी काही?”

“मौन राहील. काल मोडलं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून एक नवा नेम घेतलाय.”

“कसला?”

“नाव लिहायचं आहे, सर.”

त्यांचा चेहरा उजळला. “लिखित जप! वा! माझी आई करायची. लाखभर लिहिलं होतं तिनं. किती संकल्प आहे?”

“बासष्ट.”

“बासष्ट हजार. छान, छान.” त्यांनी सही केली, शाई टिपली आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. “या कामात आपण कुणाला अडवत नाही.”

पुढच्या सोमवारी पहाटे अंघोळ केली. देवापुढे निरांजन लावलं, पोथीचा अध्याय वाचला, एकही ओळ न चुकता. पिशवीत पाटी, पेन्सिल, ओला बोळा, लेखणी आणि शाईची दौत ठेवली, दौतीचं बूच दोनदा घट्ट केलं. कार्बन प्रतीची घडी पोथीच्या फडक्यात बांधली. वाचनालयात कुणी आपल्याला बोलायला लावत नाही; भिंतीवर पाटीच असते, शांतता राखा.

स्टँडवर गाडी लागली होती. कंडक्टर माझ्याजवळ आला, तिकिटांची पेटी खडखडवत.

“कुठं, बाई?”

मी पाटी वर धरली. म्हसवड, एक.

“बोलत न्हाई का?” त्यानं मागच्या बाकावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “सोमवारचं मौन आसंल. त्या वरच्या आळीच्या शशीताई. गरीब बाई हो.”

कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं. मी ते लेखणीच्या टोपणाखाली खोचलं, बोळ्यानं पाटी पुसली. गाडी हलेपर्यंत तिच्यावर ते नाव एकदा, अक्षर नीट यावं म्हणून, लिहून पाहिलं.